तपासणी आणि अहवाल यांच्यामधला दिवस

रुग्णाला घेऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातील बहुतेक घरांना ठाऊक आहे. तपासणी एका दिवसात होते. अहवालासाठी मात्र थांबावे लागते. हे मधले दिवस कसे घालवावेत, हे कोणी सांगत नाही. डॉक्टर असूनही मी कधी कोणाला सांगितले नव्हते. ते मला माझ्या थोरल्या बंधूंनी, अण्णांनी शिकवले.

वर्षानुवर्षे तंबाखू खाल्ल्याने अण्णांच्या गालाच्या आतल्या बाजूस न भरणारी जखम झाली होती. परळच्या टाटा रुग्णालयात बायोप्सी झाली. अहवाल आठवड्याने मिळणार होता, म्हणून आम्ही नालासोपाऱ्याला भाचीकडे उतरलो.

पहिले दोन दिवस अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून होते. धड जेवण नाही, झोप नाही. मी आपला ‘विश्रांती घ्या’ एवढेच म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. म्हणाले, ‘‘अरे, अशोकाचा शिलालेख सापडला ते सोपारा हेच. जन्मभर मुलांना शिकवलं, पण जागा पाहिली नाही. चल, बघून येऊ.’’

भाची घाबरली. ‘‘अण्णामामा, अशा वेळी फिरायला?’’ माझ्याही मनात आले, लोक काय म्हणतील! तरी रुग्णालयात फोन करून विचारले. ताप नाही, जखमेतून रक्त येत नाही, तेव्हा जायला हरकत नाही, असे उत्तर मिळाले.

गर्दी ओसरल्यावर, दहाच्या सुमारास, स्वतंत्र रिक्षा करून पश्चिमेला गेलो. तेथील स्तूपाच्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धमूर्ती सापडल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला.

सावलीत बसून अण्णांनी मला त्यांचा अर्थ सांगितला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, करमणुकीसाठी विहारयात्रा काढीत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, वृद्धांना आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटायला तो जाऊ लागला, असे आठव्या लेखात आहे. आजारपणात आणि प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यापेक्षा चांगले वागणे अधिक फळ देते, असे नवव्यात आहे. ‘‘आजारपणही आहे आणि प्रवासही,’’ अण्णा म्हणाले, ‘‘म्हणजे हा पाठ आपल्यासाठीच!’’ त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसले.

डब्यातला मऊ दहीभात आणि पिकलेले वेलची केळे त्यांनी आपणहून खाल्ले. चक्रेश्वर तलावाशी थोडे थांबलो आणि दोन तासांत घरी आलो. त्या रात्री त्यांना झोप लागली.

वाचकहो, अशा फेरफटक्याने रोग बरा होत नाही. परंतु आजारी माणूस म्हणजे केवळ केसपेपर नव्हे, याची आठवण त्याला आणि आपल्यालाही होते. उपचार लांबणार असतील तर हे बळ फार उपयोगी पडते.

मात्र काही पथ्ये पाळावीत. प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. केमोथेरपीनंतर काही दिवस पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा गर्दी टाळावी. अशा रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला तर घरी वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासणी असेल तर दगदग नको. मुक्कामाजवळचे, बसायला सावली आणि जवळपास स्वच्छतागृह असलेले ठिकाण निवडावे. लोकलच्या गर्दीची वेळ टाळावी. औषधे, पाणी, सोसेल असे घरचे अन्न आणि केसपेपरची झेरॉक्स प्रत सोबत असावी. मूळ कागद घरी ठेवावेत. परत कधी फिरायचे, हे रुग्णाने ठरवावे. आणि सोबतच्या माणसानेही त्या दिवशी चार घास नीट जेवावे. त्याचीही झीज होत असते.

अण्णांचा अहवाल आम्हाला हवा तसा आला नाही. शस्त्रक्रिया झाली, पुढे सहा आठवडे किरणोपचार झाले. त्या काळात बोलणे जड जाई, तेव्हा ते पाटीवर लिहून विचारीत, ‘रविवारी कुठे?’ तब्येत साथ देई त्या रविवारी आम्ही जात असू. एकदा वसईचा किल्ला पाहिला, एकदा नुसतेच कळंबच्या किनाऱ्यावर बसलो.

तंबाखू त्यांनी सोडली. आपल्या घरात कोणाच्या तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवा. सोपारा पाहायला निरोगी माणसानेही जायला हरकत नाही.