बाटली खाणारे जीवाणू

मुलांनो, तुमच्या शर्टाच्या कॉलरला आतून एक छोटी चिठ्ठी शिवलेली असते. ती वाचून पाहा. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'पॉलिएस्टर' हा शब्द सापडेल. आता दुकानात मिळणारी पाण्याची पारदर्शक बाटली हातात घ्या. शर्ट मऊ आणि बाटली कडक. तरीही दोन्ही वस्तू एकाच पदार्थाच्या आहेत! त्या पदार्थाचे नाव पेट. भिवंडीच्या आणि मालेगावच्या पॉवरलूमवर पॉलिएस्टरचे सूत चढते, तेही पेटच. ज्यांच्या घरी लूमची खडखड चालते, त्यांना हे सूत नवे नाही.

पेट कसा बनतो? साखळी आठवा. उर्दूत आपण तिला जंजीर म्हणतो. साखळीच्या एका दुव्याला मराठीत कडी म्हणतात आणि उर्दूतही कडीच म्हणतात, म्हणजे हा शब्द तुम्हांला पाठ करावा लागणार नाही. लहान लहान रेणूंच्या कड्या एकमेकींना जोडल्या गेल्या, की एक लांबच लांब रेणू तयार होतो. त्याला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. कापूस, रेशीम, लाकूड आणि रबर यांतही अशाच साखळ्या असतात. हर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 साली हा विचार मांडला, तेव्हा मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना तो पटला नाही. एवढा लांब रेणू असूच शकत नाही, असे ते म्हणत. श्टाउडिंगर मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. 1953 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पेटच्या साखळीत दोन प्रकारच्या कड्या असतात. एक टेरेफ्थॅलिक आम्लाची, दुसरी एथिलीन ग्लायकॉलची. एक ही, एक ती, अशा त्या आलटून पालटून येतात. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी हा पदार्थ प्रथम तयार केला, तो कापडासाठी. बाटली पुष्कळ नंतर आली.

ही साखळी फार मजबूत असते. हाच तिचा गुण, आणि हाच तिचा दोष. केळीचे साल मातीत टाकले, तर काही दिवसांत त्याची माती होते. बाटली मात्र वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. उन्हाने तिचे बारीक तुकडे होतात, पण ते प्लॅस्टिकच राहतात. मग ते नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात आणि शेवटी माशांच्या पोटात जातात.

"पण सर, भंगारवाला तर बाटल्या घेऊन जातो ना?" असे कोणी विचारील. होय, घेऊन जातो आणि आपल्या सर्वांवर मोठे उपकार करतो. मुंबईत धारावीसारख्या वस्तीत हजारो हात असे प्लॅस्टिक निवडण्याचे काम करतात. त्यांच्या कामाला कोणी शास्त्र म्हणत नाही, पण हाताने चाचपून प्लॅस्टिकची जात ओळखणे ही काही साधी गोष्ट नव्हे. पुढे बाटल्यांचे तुकडे करतात, ते धुतात, वितळवतात आणि त्यांचा धागा काढतात. अडचण अशी, की वितळवताना काही साखळ्या तुटून आखूड होतात. माल दर खेपेला थोडा हलका होतो. बाटलीचे कापड होते, कापडाच्या चिंध्या होतात आणि चिंध्या शेवटी कचऱ्यात जातात.

मग साखळी वितळवण्याऐवजी तिची प्रत्येक कडीच सुटी केली तर? सुट्या कड्या पुन्हा जोडून अगदी नवी साखळी करता येईल. हे काम करणारा कारागीर जपानमध्ये सापडला. ओसाकाजवळच्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापराचा एक कारखाना आहे. प्रा. कोहेई ओदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटचे तुकडे मिसळलेल्या माती, गाळ आणि सांडपाणी यांचे 250 नमुने तपासले. त्यांत एक असा जीवाणू मिळाला, जो पेटवर जगत होता! 2016 साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. शहराच्या नावावरून जीवाणूचे नाव ठेवले इडिओनेला साकाइएन्सिस. तो दोन विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. पहिले विकर साखळी तोडते, दुसरे उरलेल्या तुकड्यांच्या कड्या सुट्या करते. पेटचा पातळ पापुद्रा 30 अंश सेल्सिअसला त्याने सुमारे सहा आठवड्यांत संपवला.

हा भाग शिकवताना आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पेट तर 1941 मध्ये बनला, मग जीवाणूला तो खायला कोणी शिकवले?" प्रश्न फार चांगला होता. झाडाच्या पानावर मेणासारखा एक थर असतो. त्यात क्युटिन नावाचे बहुवारिक असते. क्युटिनच्या कड्या ज्या प्रकारच्या जोडाने जोडलेल्या असतात, तसाच जोड पेटमध्येही आहे. त्याला एस्टर जोड म्हणतात. पालापाचोळा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना हा जोड तोडण्याची सवय लाखो वर्षांपासून आहे. कुलूप नवे असले, तरी किल्ली जवळपास तयारच होती.

पाचोळ्याच्या खतातूनच जपानी संशोधकांना आणखी एक विकर मिळाले होते. फ्रान्समधील संशोधकांनी त्यात फेरबदल केले आणि 2020 साली निष्कर्ष जाहीर केले. 72 अंशांना, फक्त 10 तासांत, 90 टक्के पेटच्या कड्या सुट्या झाल्या. एवढी उष्णता का हवी? सुमारे 70 अंशांना पेटच्या घट्ट बसलेल्या साखळ्या सैल होतात आणि विकराला आत शिरायला वाट मिळते. सुट्या झालेल्या कड्यांपासून त्यांनी पुन्हा नवी बाटली बनवून दाखवली. मात्र त्याआधी बाटल्यांची बारीक पूड करावी लागते, म्हणजे खर्च आला. खनिज तेलापासून नवा पेट बनवणे स्वस्त पडते, तोवर कारखानदार या मार्गाकडे सहज वळतील असे मला वाटत नाही.

आणि बाजारातून भाजी आणतो ती पातळ पिशवी? ती पॉलिथीनची असते. तिच्या साखळीत कार्बनला कार्बनच जोडलेला असतो, एस्टर जोड एकही नसतो. साकाईच्या जीवाणूसमोर ही पिशवी टाकली, तर तिचे काहीही बिघडणार नाही.