जॉब कार्डवर सही करण्याआधी

अगं, तू व्हॉट्सॲपवर पाठवलेलं बिल रात्री चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं. तू खालचा आकडा बघून हादरलीस, मी मात्र मधल्या ओळींवरच अडकले. दोन वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, काट्यावर जेमतेम 10 हजार किलोमीटर. बदलापुरातल्या गाड्या अशाच चालतात. नोकरी लोकलनं आणि गाडी स्टेशनपुरती. रविवारी कोंडेश्वर नाहीतर मुळगावचा खंडोबा, कधीतरी ठाण्याला सासरी. अशा गाडीच्या साध्या सर्व्हिसिंगचं बिल 11 हजारांच्या वर कसं गेलं, ते तुला सांगते. पुढच्या वर्षी तू एकटीच जाणार आहेस काउंटरवर.

आधी एक लक्षात घे. आतापर्यंतच्या सर्व्हिस ‘फ्री’ होत्या. त्यात फुकट होती ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे तेव्हाही तू दिलेस, पण ते खुपले नाहीत. ही पहिली पेड सर्व्हिस. गाडी घेणाऱ्याची काउंटरशी खरी गाठ इथे पडते.

बिलात दोन प्रकारच्या ओळी आहेत. काही गाडीनं मागितलेल्या: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचं वॉशर, ब्रेक ऑइल आणि लेबर. हे सगळं मिळून बिलाच्या निम्म्यावरही जात नाही. बाकीच्या ओळी काउंटरनं सुचवलेल्या: इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, आतून पॉलिश, उंदीर पळवायचा स्प्रे. शेवटी ‘कंझ्युमेबल्स’ नावाची एक ओळ, तिचा अर्थ मी विचारला असता तर काउंटरवरच्या त्या पोरालाही सांगता आला नसता.

पण त्या पोरावर चिडू नकोस हं. नवी गाडी विकून डीलरच्या हातात फार थोडं उरतं. सवलती द्यायच्या, शोरूमचं भाडं भरायचं, गाड्यांच्या साठ्यावरचं व्याज सोसायचं. दुकान तगतं ते मागच्या वर्कशॉपवर. म्हणून सर्व्हिस ॲडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं, आणि ते ऑइल बदलण्याचं नसतं, या वरच्या ‘व्हॅल्यू ॲडेड’ कामांचं असतं. तो तुला फसवायला बसलेला नाही, तो त्याचा महिना भरतोय. तू तुझा सांभाळायचास.

त्यासाठी लागणारी वस्तू तुझ्या गाडीतच आहे. डॅशबोर्डच्या खणात, अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल ते ओनर्स मॅन्युअल काढ. मागच्या पानांवर मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता आहे. वर किलोमीटर आणि महिने, डावीकडे भागांची नावं, आणि चौकटींत बहुतेक दोनच अक्षरं, ‘आर’ आणि ‘आय’. आर म्हणजे बदला, आय म्हणजे तपासा. तुझा काटा 10 हजारांवर असला तरी तुझा रकाना 24 महिन्यांचा, कारण नियम ‘किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते’ असा असतो. त्या रकान्यात आर कुठे कुठे आहे ते पेन्सिलीनं खुणावून घे. बघशील, फार थोड्या ठिकाणी आहे. काउंटरवर काय होतं, तर पुस्तकातला ‘तपासा’ हळूच ‘बदला’ होतो. एअर फिल्टर साफ करून पुन्हा बसवायचा असतो, तो नवा येतो. ब्रेक पॅड किती उरलेत ते बघायचं असतं, तिथं ‘मॅडम, आत्ताच टाकून घ्या, नंतर डिस्क जाईल’. बॅटरी ‘वीक’ दाखवते म्हणतात. म्हणाले, तर टेस्टरचा आकडा मागायचा. आणि खरंच बदलायची वेळ आली तर बाहेरच्या बॅटरीवाल्याकडेही भाव विचारायचा, तो जुनी परत घेऊन पैसे कमी करतो.

यावरून मी तुला चिक्कूपणा शिकवतेय असं समजू नकोस. ऑइलच्या बाबतीत मी उलट सांगीन. गाडी कमी चालते म्हणून ऑइल दोन वर्षं ठेवू, असं तुझा नवरा म्हणेल, ऐकू नकोस. कात्रपहून स्टेशन, स्टेशनहून कात्रप, एवढ्यात इंजिन धड तापतही नाही. आत ओल राहते, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल लवकर मरतं. धूळ आणि छोट्या फेऱ्या यांना मॅन्युअलमध्येच ‘कठीण वापर’ म्हटलेलं असतं. आपल्याकडे चारी बाजूंना टॉवर उठतायत, धुळीचं काय सांगायचं! तेव्हा वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं. झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी लिहिलं असेल तर तेच. त्याहून महागडं ‘अपग्रेड’ देऊ केलं तर हसून नको म्हण. आणि असं दरवर्षी वेळेवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला इंजिन फ्लश लागत नाही. थ्रॉटल बॉडी साफ करायची ती गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली किंवा पिकअप गेला तर. तुझी थरथरते का? नाही ना?

ऑइलच्या ओळीत आणखी एक बघायचं, लिटर. तुझ्यासारख्या गाडीत फिल्टरसकट 3 लिटरच्या आसपास ऑइल बसतं, नेमका आकडा मॅन्युअलच्या शेवटी दिलेला असतो. बिलात साडेतीन लागलंय. अर्धा लिटर कुठे गेलं, हे विचारायला कुणाची भीड धरू नकोस.

आणि जीएसटी. गाड्यांच्या बऱ्याच सुट्या भागांवर आधी 28 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्या भागांवर सरसकट 18 झालाय. ऑइल आणि लेबरवर तो आधीपासून 18च होता. म्हणजे आता बिलाच्या प्रत्येक ओळीपुढे सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9 दिसायला हवा. कुठे 14 अधिक 14 दिसले, तर ती ओळ दुरुस्त करून मागायची.

आता त्या बाकीच्या कामांबद्दल बोलू, कारण खरा पैसा तिथेच गेलाय. एसी डिसइन्फेक्शन म्हणजे बहुतेक ठिकाणी एक फेसाचा डबा आत मारतात आणि दोन दिवस गाडीत लिंबाचा वास येतो. एसीला खरंच कुबट वास येत असेल तर आधी एसीचा फिल्टर बदल. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या खणामागे असतो. खण दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडायचा, झाकण काढायचं, जुना ओढायचा, नवा बाणाची दिशा बघून सरकवायचा. पाच मिनिटांचं काम, स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. पुढच्या रविवारी येशील तेव्हा दोघी मिळून करू.

अंडरबॉडी कोटिंगचं सांगते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत, म्हणजे मुरुड-अलिबागकडे, त्याचा विचार करायला हरकत नाही. बदलापुरात पावसाळा संपला की खालून प्रेशरनं चांगलं धुवून घेतलं तरी भागतं. इथला पाण्याचा धोका वेगळाच आहे आणि तो कोटिंगनं टळत नाही. 26 जुलै 2005 चा पूर तुझ्या लहानपणी होऊन गेला, पण 27 जुलै 2019 तुला आठवतच असेल. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. उल्हास नदी पश्चिमेच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरते तेव्हा कोटिंग काय कामाचं? त्याच पैशात विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ घे. आणि पाणी चढलेली गाडी चुकूनही स्टार्ट करू नकोस. इंजिनात पाणी ओढलं गेलं की आतले रॉड वाकतात, आणि साधा विमा तेवढा खर्च सहसा देत नाही. गाडी टो करून न्यायची, बस.

उंदरांचा स्प्रे! उंदरांना त्या स्प्रेची किती धास्ती वाटते ते उंदीरच जाणोत. तुमच्या सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे, गवत कमरेएवढं वाढलंय. पावसानंतर उंदीर बोनेटमध्ये बिऱ्हाड करणारच. गाडीत खाऊचे पुडे ठेवू नकोस, आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघ, आणि सोसायटीला गवत काढायला लाव. वायर कुरतडली तर तिचा खर्च त्या स्प्रेच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त येतो हे खरंय. म्हणूनच ती भीती काउंटरवर चांगली खपते.

अलाइनमेंटला मात्र मी कधी नाही म्हणत नाही. काटई रस्त्यावरचे खड्डे खाऊन गाडी एका बाजूला ओढायला लागते, टायर एकीकडून झिजतात. पण ते टायरच्या दुकानातही होतं, आणि तिथं स्वस्त पडतं.

आता काउंटरवर बोलायचं कसं, ते ऐक. बाई एकटी दिसली की दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, ‘मॅडम, सेफ्टीचा प्रश्न आहे.’ दुसरं, ‘सरांना फोन करून विचारता का?’ पहिल्यावर म्हणायचं, ‘मॅन्युअलमध्ये या रकान्यात कुठे लिहिलंय ते दाखवा.’ दुसऱ्यावर, ‘एस्टिमेट माझ्या नंबरवर पाठवा, गाडी माझ्या नावावर आहे.’ आवाज चढवायचा नाही. जॉब कार्ड म्हणजे नुसती पावती नव्हे. तू सही करतेस ती त्या कामांना होकार म्हणून. म्हणून सही करण्याआधी नको ती कामं खोडून घ्यायची आणि खाली आपल्या हातानं लिहायचं: ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये. काढलेले भाग डिक्कीत ठेवावेत.’ ही दुसरी ओळ जादूची आहे. जुना फिल्टर डिक्कीत येणार म्हटलं की नवा खरोखर बसतो. दुपारी फोन येईलच, ‘मॅडम, अजून एक प्रॉब्लेम निघालाय.’ तेव्हा फोटो मागायचा आणि ‘संध्याकाळी येऊन बघते’ म्हणायचं.

तू विचारलंस, मग डीलरकडे जायचंच कशाला, आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे जाऊ. जाऊ की, पण आत्ता नको. गाडी वॉरंटीत आहे. मारुतीनं जुलै 2024 मध्ये मूळ वॉरंटी 2 वर्षं किंवा 40 हजार किलोमीटरवरून 3 वर्षं किंवा 1 लाखावर नेली. इतर कंपन्यांच्याही मुदती आता लांबल्यात. त्या मुदतीत काही मोठं बिघडलं, तर सर्व्हिसचा सलग रेकॉर्ड तुझ्या कामी येतो. तेवढ्यासाठी डीलरचं ऑइल-फिल्टर थोडं महाग पडलं तरी मी ते देते.

‘बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली’ ही धमकी मात्र सगळी खरी मानू नकोस. शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकानं 2011 मध्ये तक्रार केली होती, आणि 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड लावला. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हा ठपका होता. आयोगानं असंही म्हटलं की गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामानं जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचं भांडण कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळलं. पण टायर, बॅटरी, वायपर, बल्ब बाहेर बदललेस म्हणून इंजिनाची वॉरंटी जाते, असं कुणी सांगितलं तर लेखी दे म्हणायचं. लेखी कुणी देत नाही.

वॉरंटी संपली की मग खुशाल गॅरेज. तिथं वेगळी काळजी घ्यायची. पार्ट कंपनीच्या सीलबंद डब्यातला, डबा आपल्यासमोर फोडलेला, आणि बिल पक्कं. शेजारच्या उल्हासनगरात हुबेहूब नकली मालाच्या गमती आपण लहानपणापासून ऐकतोय. तिथं चोख व्यवहाराची दुकानंही पुष्कळ आहेत, पण ब्रेक पॅडच्या बाबतीत गंमत नको. बिल असेल तर पुढे गाडी विकतानाही उपयोग होतो.

आणि काउंटरवर देऊ केलेलं ते तीन वर्षांचं प्रीपेड पॅकेज? आत्ता घेऊ नकोस. त्यात काय काय धरलंय ते लिहून माग, मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडून बघ. त्यात पॉलिश आणि कोटिंग घुसवून ‘इतकी बचत’ दाखवली असेल, तर जे तू घेणारच नव्हतीस त्यावरची बचत ती. फक्त ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि मजुरीचा दर गोठवून मिळत असेल तर विचार करू.

झाल्या बिलाचं आता एवढंच कर. त्या जादा अर्ध्या लिटरबद्दल आणि कंझ्युमेबल्सबद्दल मेल टाक. फोनवर बोललेलं हवेत जातं. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915, तिथं मराठीतही बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात गेलीस तरी एवढ्या रकमेला फी पडत नाही, पण माझ्या मते मेलनंच काम होईल.

एक-दोन दिवसांत तुला फीडबॅकचा फोन येईल. त्याआधी तो पोरगा मेसेज करून ‘मॅडम, सगळ्याला एक्सलंट द्या, नाहीतर माझे पैसे कापतात’ असं सांगेल, आणि ते बहुधा खरंच असतं. गाडी वेळेवर दिली, धुतली चांगली, त्याचे मार्क त्याला दे. पण ‘कामाची पूर्वकल्पना दिली होती का’ असा प्रश्न आला, की तिथं ‘नाही’ म्हण, आणि कोटिंगचं नाव घेऊन म्हण.