नेतृत्वाचे भांडवल



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पुढारी कसा घडतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. साखर कारखाना, सोसायटी, दूध संघ आणि बँक ही त्याच्या वाढीची ठिकाणे. ज्याच्या उसाला कालव्याचे पाणी, त्याच्या शब्दाला वजन. आपल्या वस्तीतील कार्यकर्त्यापाशी यातले बहुधा काहीच नसते. मग त्याने कशाच्या बळावर पुढे व्हावे? त्याचे भांडवल तीन गोष्टींचे: अनुभव, स्वतःची ओळख आणि शील. आजच्या पाठात हे बाबासाहेबांच्या जीवनावरून समजून घेऊ.

पहिली गोष्ट अनुभव. १९०१ साली दहा वर्षांचा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटण्यास निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची होती. वाटेत पाणी मिळाले नाही, म्हणून जवळ अन्न असूनही मुले उपाशी राहिली. असे अपमान पुष्कळांच्या वाट्याला येतात. काहींच्या मनात त्यातून नुसता कडवटपणा उरतो. बाबासाहेबांनी मात्र आपल्या तहानेचा सर्वांच्या हक्काशी सांधा जोडला. २० मार्च १९२७ रोजी ते हजारो बांधवांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या दिवशी सनातन्यांनी परिषदेच्या लोकांवर हल्ला केला, तरी त्यांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही.

दुसरी गोष्ट स्वतःची ओळख. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण त्याआधीच विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तळ्यावर जाण्यास मनाई मिळवली होती. जमलेले हजारो लोक तुरुंगात जाण्यास तयार होते. नेत्याने नुसते ‘चला’ म्हटले असते, तर जयजयकार झाला असता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा कटु सल्ला दिला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. कोर्टाची लढाई नऊ वर्षांहून अधिक काळ चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हा निर्णय मी कार्यासाठी घेतो की टाळ्यांसाठी, हे ज्याला स्वतःला विचारता येते, त्यालाच थांबा म्हणण्याचे धैर्य होते.

तिसरी गोष्ट शील. पद आले तरी ते टिकावे लागते. हिंदू कोड बिल रखडले आणि अन्य मतभेदही होते, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. माणूस खुर्ची कशी मिळवतो यापेक्षा ती कशासाठी सोडतो, यावरून त्याचे शील कळते.

आता आपल्याकडे पाहू. विहाराच्या वर्गणीचा हिशोब फळ्यावर लागतो का? व्यासपीठावर पंचशील सांगणारा घरी जाताना गुत्त्यावर थांबतो का? घरकुलाच्या यादीत आपल्या भावाचे नाव आधी की निराधार विधवेचे? वस्ती हे सारे पाहत असते आणि बोलून दाखवत नसली तरी विसरत नाही. एकदा विश्वास गेला की आपल्यापाशी दुसरे भांडवल नाही. कारखानदाराचा शब्द खोटा ठरला तरी त्याचा कारखाना उरतो. आपला शब्द खोटा ठरला, तर आपले काय उरते?

अभ्यासासाठी

१. आपल्या वाट्याला आलेला एक अपमान आठवा. त्याचे रागात रूपांतर झाले की कामात?
२. लोकांना न आवडणारी, पण योग्य अशी गोष्ट आपण शेवटची केव्हा सांगितली?
३. रोज झोपण्यापूर्वी विचारा: आज माझे बोलणे आणि वागणे कोठे वेगळे झाले? उत्तर वहीत लिहा. महिन्याने वही स्वतःच वाचा.