घोडनदीच्या शाळेतले खापरपणजोबा

प्रश्न : माझे खापरपणजोबा 1890च्या सुमारास घोडनदीच्या (शिरूर) मराठी शाळेत शिकले आणि पुढे दौंडला रेल्वेत लागले, असं घरात सांगतात. त्यांची आणि त्यांच्या भावंडांची नोंद कुठे मिळेल?
– एक वाचक, दौंड

उत्तर : आधी शाळा गाठा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन जुनं जनरल रजिस्टर पाहायला मागा. त्यातली जन्मतारीख बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते, तिच्यावर फार विसंबू नका. दाखल झाल्याची तारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण हे रकाने जास्त खरे.

भावंडांसाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, शोधा. इथे बरेच जण फसतात. बाळाचं नाव अनेकदा नसतंच, ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढंच असतं. म्हणून बापाच्या नावाने शोधायचं. अक्षर मोडी असेल तर जाणकार सोबत न्या. दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, म्हणून तिथले दप्तराचे गठ्ठेही त्याच नावाने विचारा.

जमीन असेल तर वारसाचे फेरफार, म्हणजे वारसांची नावं लावल्याच्या नोंदी, सोन्यासारखे. या नोंदींमागचा हक्कनोंदणीचा कायदा 1903चा. खापरपणजोबांचे वडील त्यानंतर वारले असतील, तर सगळे मुलगे एका नोंदीत सापडू शकतात. घराणं ख्रिस्ती असेल, तर शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या पाहा.

रेल्वेचं शेवटी बघा. दौंड-मनमाड मार्ग 1878चा; नोकरीसाठी माणसं लांबून आली, त्यामुळे नामसाधर्म्य फार.