अंगणातील जागता दिवा

मुलांनो, खेड्यातील रात्र तुमच्या परिचयाची आहे. दारावरचा दिवा रात्रभर जाळावा, तर विजेचे बिल वाढते आणि किड्यांचे थवे ओसरीवर जमतात. मालवावा, तर अंधारात पाय कशावर पडेल ह्याचा नेम नसतो. खामगावच्या बाजूला आमचे खेडे आहे. तेथे आमचा गोठा घरापासून तीस-चाळीस पावलांवर आहे. माझ्या आईने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. तरी रात्री एकदा उठून गाईकडे फेरी घातल्यावाचून तिला चैन पडत नाही. तिच्यासाठी मी ओसरीच्या कोपऱ्यावर एक कॅमेरा बसविला व त्याला बाहेरचा दिवा जोडला. कोणी अंगणात उतरले, की कॅमेरा दिव्याला संदेश देतो आणि अंगण उजळते. काही मिनिटे चाहूल लागली नाही, की दिवा आपोआप मालवतो.

पण काळोखात कॅमेऱ्याला माणसाची चाहूल लागते कशी?

आपले डोळे प्रकाश पाहतात. ह्या यंत्रातील एका लहानशा डोळ्याला मात्र ऊब जाणवते. प्रत्येक उबदार वस्तूतून अवरक्त किरण बाहेर पडत असतात. विल्यम हर्शल ह्या ज्योतिर्विदाने 1800 साली त्यांचा शोध लावला. त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे पाडले आणि त्यांत उष्णतामापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. परंतु तेथेही पारा चढला!

यंत्राच्या डोळ्यात शेजारी-शेजारी दोन बारीक पट्ट्या असतात. दोहोंवर सारखीच ऊब पडत असेल, तोवर यंत्र स्वस्थ राहते. माणूस आडवा चालत गेला, की त्याची ऊब आधी एका पट्टीवर व मग दुसरीवर पडते. हा फरक म्हणजेच यंत्राच्या लेखी हालचाल. म्हणून समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो. मला हे आधी ठाऊक नव्हते. पहिले चार दिवस आई अगदी दिव्याखाली पोचल्यावर दिवा लागे! मग मी कॅमेऱ्याची जागा बदलली व तो गोठ्याच्या वाटेकडे बाजूने पाहील असा लावला. त्याची नजर शेजाऱ्यांच्या ओट्यावर पडू नये, हेही त्याच वेळी पाहिले; दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा अधिकार आपल्या कॅमेऱ्यालाही नाही. काही कॅमेरे ऊब न पाहता एकामागून एक घेतलेली चित्रे ताडून पाहतात. त्यांना वाऱ्याने हलणारी फांदीही माणूस वाटते.

पुढे मे महिना आला. एका संध्याकाळी मी अंगणात येरझारा घातल्या, हात हालविले, तरी दिवा लागेना. यंत्र बिघडले असे समजून मी ते उतरविणारच होतो. पहाटे मात्र तोच दिवा पहिल्याच पावलाला लागला. तेव्हा उलगडा झाला. दिवसभर तापलेल्या भिंती आणि जमीन संध्याकाळी माझ्या अंगाइतक्याच उबदार होत्या. मग त्यांतून मला वेगळे काढावे कसे? विदर्भाच्या उन्हाळ्यात ह्या डोळ्यावर अशी झापड येते.

हाच डोळा जंगलातही कामास येतो. बुलढाणा आणि खामगाव ह्यांच्या दरम्यान ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तेथे बिबटे व अस्वले राहतात. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून येथे पोचला होता. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. परंतु असे पट्टे थोड्याच वाघांना असतात. एरवी वन्यप्राण्यांची पाहणी करणारे लोक झाडांना असेच कॅमेरे बांधतात. प्राणी पुढून गेला, की त्याचे छायाचित्र निघते. आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसल्याने छायाचित्रावरून वाघ ओळखता येतो. प्राणी बुजू नये, म्हणून ह्यांतील पुष्कळ कॅमेरे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातच चित्र घेतात. आमच्या अंगणात मात्र सर्वांना दिसणारा प्रकाशच हवा होता.

तो का हवा होता, हे श्रावणातील एका रात्री कळले. आई उंबऱ्याबाहेर आली, दिवा लागला, आणि वाटेच्या मधोमध एक घोणस वेटोळे घालून पडलेली दिसली. आई जागीच थांबली व तिने मला हाक मारली. घोणस आपल्या वाटेने निघून गेली. सकाळी मी कॅमेऱ्यातील चित्रे पाहिली. घोणस केव्हा आली, ह्याचे एकही चित्र त्यात नव्हते! सापाचे शरीर भोवतालच्या जमिनीइतकेच उबदार वा थंड असते. त्यामुळे यंत्राला ती आलेली कळलीच नव्हती. दिवा लागला होता तो आईच्या चाहुलीने.

मी हे आईला समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे तुझा दिवा मला पाहतो, सापाला मीच पाहायचे!"

आता दिवा लागला, तरी ती उंबऱ्याशी क्षणभर थांबते, काठी दोनदा जमिनीवर आपटते, वाट नीट न्याहाळते आणि मगच गोठ्याकडे निघते. हातातली विजेरीही तिने सोडलेली नाही.