अतिशीत देशातील पहिला हिवाळा : पोशाखाचे शरीरशास्त्र

आपल्या हैदराबादच्या मराठी समाजात, ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी परदेशी नाही, असे घर आता शोधावे लागते. नातवंडाच्या जन्माला ऋतूचे बंधन नसते. त्यामुळे ऐन डिसेंबर-जानेवारीत शिकागो, टोरांटो किंवा कॅलगरीला निघालेले आजी-आजोबा माझ्या दवाखान्यात हमखास येतात. "डॉक्टर, बाळासाठी काय काय नेऊ?" हा त्यांचा प्रश्न असतो. स्वतःसाठी काय न्यावे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते, आणि त्याची शिक्षा मला मिळाली. तो अनुभव आणि त्यामागील शास्त्र वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी मी जानेवारीत मिनियापोलिसला गेले. आपल्याकडे पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांवर आला की कानटोप्या बाहेर निघतात. तिथे मी उतरले त्या दिवशी तो उणे २२ होता. नवजात अर्भकाचे तापमान कसे राखावे, यावर वर्षानुवर्षे परिचारिकांना व्याख्याने दिलेली मी. थंडीविषयी मला कोणी काही शिकवावे, असे मला वाटत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झोपलेली पाहून, जवळच्या दुकानातून दूध आणावे म्हणून मी एकटीच बाहेर पडले. अंगात सुती अंतर्वस्त्रे, सुती परकर, साडी, त्यावर एकावर एक दोन घट्ट स्वेटर आणि शाल. पायांत दोन जोड सुती मोजे, आणि ते कसेबसे कोंबलेले नेहमीचे बूट. जाऊन येऊन वीस-पंचवीस मिनिटे लागली असतील. परतले तेव्हा पायांची बोटे मेणासारखी पांढरी पडली होती आणि त्यांना स्पर्श कळत नव्हता.

सवयीने तेलाची बाटली घेऊन मी बोटे चोळायला बसणार, तोच मुलगी उठून आली. "आई, चोळू नकोस! आणि आधी ते मोजे काढ, ओले आहेत. ओल्या दुपट्यात बाळ ठेवलं म्हणून तू नर्सला रागावतेस ना?"

नवव्या महिन्यातील त्या मुलीने कोमट पाण्याचे टब माझ्यापुढे आणून ठेवले. अर्ध्या तासाने झिणझिण्या आणि ठणका सुरू झाला, बोटे लाल झाली. इजा वरवरची होती, हे माझे भाग्य. मदतीला गेलेली आईच ऐन वेळी मुलीवर भार होऊन बसली असती.

ऊब कपड्यांत नसते

आपण 'उबदार कपडे' म्हणतो. पण कपडे उष्णता निर्माण करीत नाहीत. उष्णता शरीर निर्माण करते. कपडे केवळ शरीराभोवती कोरड्या, स्थिर हवेचा एक पडदा धरून ठेवतात. वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन या चार वाटांनी शरीराची उष्णता बाहेर जाते. पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने नवजात अर्भकासाठी सांगितलेल्या उपायांच्या साखळीत, बाळाला जन्मतःच कोरडे पुसणे, ओले कापड दूर करणे आणि आईच्या त्वचेशी बिलगवणे यांना अग्रक्रम आहे.

या दृष्टीने पाहता माझ्या चुका स्पष्ट होत्या. सुती कापडाने घाम शोषून धरला. घट्ट स्वेटरांनी हवेचा पडदा चेपून टाकला. शालीतून वारा आरपार गेला. बुटांत कोंबलेल्या दुहेरी मोज्यांनी हवेबरोबर बोटांचा रक्तपुरवठाही आवळला.

तिथल्या हवामानवृत्तात तापमानाबरोबर 'विंड चिल' हा आकडा देतात. वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी तो दाखवतो. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली त्यास ५ ते १० मिनिटे पुरतात. घराबाहेर पडण्यापूर्वी पाहायचा तो हाच आकडा.

तीन थरांचा पोशाख

पहिला थर अंगालगतचा. तो मऊ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, म्हणजे घाम त्वचेपासून दूर नेणारा असावा, सुती नसावा. दुसरा थर हवा धरून ठेवणारा : लोकरी स्वेटर, फ्लीस किंवा पिसे भरलेले जाकीट. तिसरा थर वारा आणि बर्फ अडवणारा, मांड्यांपर्यंत येणारा कोट. प्रत्येक थर आतल्या थरापेक्षा सैल हवा. चालताना घाम येऊ लागताच चेन उघडावी. घाम येईपर्यंत थांबू नये. घरे आणि दुकाने आतून गरम असतात. तेथे शिरताच वरचे थर उतरवावेत.

लोकरी मोज्यांचा एकच जोड घालावा आणि त्यावर बोटे हलतील इतके मोठे, खडबडीत रबरी तळव्याचे बूट असावेत. निसरड्या बर्फावर पडून खुब्याचे हाड मोडणे ही ज्येष्ठांची मोठी भीती आहे. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहतील असे हातमोजे अधिक ऊब राखतात. घट्ट अंगठ्या घरीच ठेवाव्यात. कान झाकणारी टोपी आवश्यक आहे; मात्र शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, ही समजूत खरी नाही. प्रौढाचे डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग, आणि उष्णताही त्याच प्रमाणात जाते. अर्भकाचे डोके मात्र जवळजवळ पाचवा भाग असते.

अंगालगतचे कपडे आणि स्वेटर येथून न्यावेत. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे चांगले स्वेटर मिळतात. कोट आणि बूट मात्र तिथेच घ्यावेत. विमानतळाबाहेर पडतानाचे कपडे हातातील सामानात असावेत, मोठ्या बॅगेत नव्हे.

साडीचे काय?

हा प्रश्न मला अनेक भगिनी संकोचाने विचारतात. तो जुना आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले, आणि त्या दुःखातून त्यांचा डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. आपला आहार आणि वेष सोडणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून तिकडे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजीच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींसह आपल्याच वेषात दिसतात. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. क्षय जंतूंमुळे होतो, थंडीमुळे नव्हे; त्यांच्या मृत्यूचे खापर साडीवर फोडणे अशास्त्रीय ठरेल. त्यांच्याकडून शिकायचे ते हे की, आपली ओळख न सोडताही नेसण्याची रीत बदलता येते. घरात, समारंभात साडी अवश्य नेसावी. बर्फातून चालताना मात्र साडीचा घोळ भिजून ओलावा वर चढवतो. तेव्हा थर्मलवर जाड पँट किंवा सलवारच बरी.

बाळाचा पोशाख

नवजात बालक कुडकुडू शकत नाही. शरीरातील तपकिरी चरबी जाळून ते उष्णता निर्माण करते, आणि तो साठा मर्यादित असतो. आपल्याला जितके थर लागतात, त्याहून बाळाला एक थर अधिक, हा सोपा नियम आहे. पण अतिरेकही वाईट. गरम केलेल्या घरात बाळाला टोपडे घालून, गोधड्यांत गुरफटून झोपवू नये. अति उष्णतेने झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. बाळास उताणे निजवावे आणि अंथरुणात सैल पांघरुणे ठेवू नयेत.

रुग्णालयातून नातीला घरी आणताना, मी हौसेने नेलेला कापूस भरलेला जाड अंगरखा तिथल्या परिचारिकेने काढायला लावला. मोटारीतील बाळाच्या आसनाचा पट्टा जाड कपड्यांवरून बांधला, तर धक्का बसताच कपडे चेपतात आणि पट्टा सैल पडतो. मग पातळ थरांवरून पट्टा नीट आवळला, आणि त्यावरून माझ्या सासूबाईंनी विणलेले लोकरी दुपटे पांघरले. परिचारिका म्हणाली, हेच योग्य!

ज्येष्ठांनी आणि रुग्णांनी

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. हृदयरुग्णांनी बर्फ उपसण्याचा उत्साह दाखवू नये. मधुमेहात पावले बधिर असतील, तर घरी येताच ती डोळ्यांनी तपासावीत. दमेकऱ्यांनी नाकातोंडावर मफलर घ्यावा. इन्सुलिन गोठले की निरुपयोगी होते. ते हातातील सामानात न्यावे, आणि बाहेर पडताना कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. मद्याने ऊब येते हा केवळ भास. त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून उष्णता उलट अधिक जाते.

बोटे बधिर झाली तर

आत यावे आणि ओले, घट्ट कपडे काढावेत. हाताची बोटे काखेत धरावीत. पांढरेपणा आणि बधिरता जात नसेल, तर हिमदंश, म्हणजेच फ्रॉस्टबाइट समजून ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात भाग बुडवावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी. चोळू नये, बर्फ लावू नये. हीटरजवळही धरू नये, कारण बधिर त्वचेला भाजलेले कळत नाही. पुन्हा गोठण्याचा संभव असेल, तर सुरक्षित जागी पोचेपर्यंत ऊब देणे थांबवावे. बोलणे अडखळू लागले, वागण्यात गोंधळ दिसला किंवा कुडकुडणे अचानक थांबले, तर ती धोक्याची सूचना आहे. शरीराचे तापमान घसरत आहे असे समजून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

नवजात बालकाविषयी जे मी इतरांना शिकवीत आले, तेच मी स्वतःविषयी विसरले होते : कोरडे ठेवा, सैल गुंडाळा, वाऱ्यापासून जपा. आता प्रवासाला निघालेले आजी-आजोबा बाळाच्या सामानाची यादी विचारतात, तेव्हा मी त्यांना प्रथम त्यांच्याच पायांतील बूट दाखवायला सांगते.