गळणारे शॉकअप आणि गळतीचे कारण

पालकभेटीच्या रविवारी आपल्या वसतिगृहासमोर मोटारसायकलींची रांग लागते. त्यांतील काहींच्या पुढच्या चाकावरील चकचकीत पाइपवर तेल आणि धूळ मिळून झालेला काळा थर दिसतो. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गळत असल्याची ही खूण होय. गाडी चालते, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. परंतु हेच तेल ओघळत डिस्क ब्रेकवर उतरले की ब्रेक लागेनासा होतो, आणि धारूरच्या घाटात, उतारावर, मागे लेकरू बसलेले असताना ते कळून उपयोग नसतो.

शॉकअपची रचना अवघड नाही. वरचा पोलादी पाइप खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत वरखाली सरकतो. आतील स्प्रिंग धक्का झेलते आणि बारीक छिद्रांतून ये-जा करणारे तेल गाडीचे उसळणे थांबवते. हे तेल बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबराचे कडे बसवलेले असते, तेच सील. तेलाने दाबलेला असा दुर्बिणीसारखा शॉकअप बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीने 1935 साली आपल्या मोटारसायकलीला बसवला. येवल्याची घोषणा त्याच वर्षीची. दोहोंचा काही संबंध नाही, पण इतिहासाच्या शिक्षकाला सन दिसला की राहवत नाही.

माझ्या गाडीचे सील दोनदा बदलून घेतले आणि दोन्ही वेळा ते काही आठवड्यांत गळू लागले. दोष नव्या सीलचा नव्हता. पाइपवर मुगाच्या दाण्याहून लहान असा गंजाचा खड्डा होता आणि प्रत्येक खाचखळग्यागणिक तो रबराची कड कापत होता. मी तो पाहिला नाही, कारण पाहणे हे आपले काम आहे असे मला वाटलेच नव्हते. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. ते मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. आपल्या शिकलेल्या पिढीने हत्याराकडे पाठ फिरवली ती मात्र वेगळ्या कारणाने: लादलेल्या हातकामातूनच तर आपण सुटलो होतो. ही भावना मी समजू शकतो. तरीही स्वतःच्या गाडीच्या पाइपवरून बोट न फिरवणारा एम.ए. मला आता थोडा हास्यास्पद वाटतो.

बुद्धांनी दुःखापाठोपाठ दुःखाचे कारण सांगितले. येथेही आधी कारण शोधावे. पाइप स्वच्छ पुसून पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि हँडल सात-आठ वेळा खाली दाबावे. तेलाचे कडे उमटले तर गळती नक्की. मग धूळरोधक रबरी टोपण वर सरकवावे. पुष्कळदा सीलच्या कडेखाली केवळ मातीचा कण अडकलेला असतो. जुन्या एक्स-रे फिल्मची गुळगुळीत कडेची पट्टी कापून ती पाइप आणि सील यांच्यामध्ये घालून गोल फिरवावी. घाण बाहेर येते आणि काही वेळा खर्चाविना काम भागते.

नंतर पाइपवरून नख फिरवावे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची गाडी चार-पाच महिने छपरात उभी राहते, तेव्हा असा गंज हमखास धरतो. नख किंचित अडकले तर 2000 नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून तेवढीच जागा हलकेच घासावी. खड्डा खोल असेल तर पाइपच बदलावा किंवा त्यावर नव्याने क्रोम चढवून घ्यावे. त्याआधी नवे सील घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

सील बदलायचेच असेल तर इंजिनाखाली भक्कम लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक उचलावे. चाक, ब्रेक आणि मडगार्ड काढावे. पाइप क्लॅम्पमध्ये घट्ट असतानाच वरचे झाकण ढिले करावे. ते पूर्ण काढताना चेहरा बाजूला ठेवावा, कारण खालून स्प्रिंग रेटत असते. तेल ओतून घ्यावे, तळाचा ॲलन बोल्ट सोडवून पाइप वेगळा करावा. तारेचे लॉक काढून जुने सील उचकटताना पान्याखाली फडके ठेवावे, नळीच्या काठाला ओरखडा पडता कामा नये. नव्या सीलला तेल लावून ते सरळ बसवावे. ठोकण्यासाठी ठिबक सिंचनाच्या कामातून उरलेला, सीलच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उत्तम. तळाच्या बोल्टखालचा तांब्याचा वायसर नवा घालावा. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल त्याच जातीचे आणि मापाचे, दोन्ही बाजूंना सारखे. त्यासाठी औषधाच्या बाटलीचे मोजमाप चालते. सीलही दोन्ही बाजूंची एकदमच बदलावीत. ब्रेकचे पॅड तेलाने भिजले असतील तर ते धुऊन वापरू नयेत, नवेच घालावेत.

काढलेले तेल विहिरीकाठी किंवा नाल्यात ओतू नये. डब्यात भरून गॅरेजला द्यावे. शंभरेक किलोमीटर गाडी चालवल्यावर पाइपवरून पुन्हा एकदा पांढरे फडके फिरवून पाहावे.